खंडेनवमीचं पिंप

१

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी प्रयोगशाळेचं स्टोअर सांभाळणाऱ्या सदाशिवनं पाहुण्यांसमोर निळ्या पिंपाचं झाकण काढलं, आत हात घातला आणि मूठभर लाकडाच्या चिप्स वर काढल्या. फिकट, मऊ पडलेल्या चिप्स निघायला हव्या होत्या. निघाल्या त्या चहाच्या चोथ्यासारख्या काळपट आणि बुळबुळीत. कागद कारखान्याहून आलेले पाहुणे एकमेकांकडे पाहू लागले. सदाशिव मात्र स्वतःच्या हाताकडे पाहत होता. त्यानं मूठ सोडली, हात झटकला, पुन्हा झटकला आणि मग ओरडला. नळाखाली हात धरेपर्यंत कातडी सुटायला लागली होती.

संध्याकाळी सदाशिव दवाखान्यात होता, पाहुणे परतीच्या गाडीत होते आणि सगळ्यांच्या तोंडी एकच नाव होतं: आशय वैरागडे.

आशय म्हणजे आमच्या सिंधूवहिनींचा मुलगा. वहिनी शिवाजी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहतात आणि आम्ही आनंद नगरला, पण ह्या हिंदी बोलणाऱ्या शहरात मराठी मंडळाच्या गणपतीत एकत्र मोदक वळून वळून घरोबा झालेला. दिवेलागणीला त्यांचा फोन आला.

"सुनंदाताई, उद्या संध्याकाळी त्याच्या ऑफिसातल्या मॅडम पोलिसांत लिहून देणार आहेत, आशयच्या निष्काळजीपणानं हे झालं म्हणून. नोकरी तर जाईलच, पण पोरगं जेवत नाहीये हो. वरून म्हणतंय, असेल माझंच चुकलं."

सुनंदा माझी बायको. विमा कंपनीची सर्व्हेअर म्हणून तिनं जन्मभर जळकी गोदामं आणि फुटके बॉयलर पाहिले, आणि कोण खरं बोलतंय, कोण थापा मारतंय ते शोधून काढलं. निवृत्त झाल्यावर तिला तपासायला मी एकटाच उरलो होतो. त्यामुळे फोन ठेवून ती म्हणाली, "अहो, उद्या सकाळी गाडी काढा," तेव्हा खोटं कशाला बोलू, मला सुटल्यासारखंच वाटलं.

२

आशय मागच्या सीटवर बसला होता, डोळे सुजलेले. रायसेन रोडवर त्याची प्रयोगशाळा. लहानसं ऑफिस आणि मागे पत्र्याची शेड. कागद कारखान्यांना नव्या पद्धती करून दाखवायच्या, हा त्यांचा धंदा.

"नक्की करता काय तुम्ही लोक?" मी आरशातून विचारलं. जन्म मोटारी आणि ट्रान्सफॉर्मरमध्ये गेला माझा. लाकडाशी संबंध फक्त खुर्चीपुरता.

"काका, निलगिरीचं लाकूड कठीण असतं. त्याच्या चिप्स दळून लगदा करायचा तर मशीनला बिजली फार लागते. म्हणून दळायच्या आधी त्या पातळ ऑक्झॅलिक ॲसिडमध्ये मुरवायच्या. लाकूड आतून सैल पडतं, मग दळायला जोर लागत नाही."

"छोले भिजत घालतो तसं."

"हां, तसंच. ही मॅडमची पद्धत आहे. मॅडम म्हणजे डॉ. मंजूषा पिंपळापुरे. छोट्या भांड्यात मस्त चालते. काल पहिल्यांदाच पूर्ण पिंपभर चिप्स पाहुण्यांसमोर दळून बिजलीचा मीटर दाखवायचा होता."

"पहिल्यांदाच?" सुनंदानं विचारलं. "आधी तालीम न करता?"

"तालीम झाली ना, मागच्या महिन्यात. मी रजेवर होतो, मॅडमनी एकट्यांनीच केली. म्हणाल्या, छान झाली."

आशय पुढे सांगू लागला. खंडेनवमीला सकाळी त्यानं एकट्यानं पिंप भरलं होतं. सदाशिवकडून स्टोअरच्या किल्ल्या घेतल्या आणि ॲसिडची पिशवी काढली. शेजारीच कॉस्टिक सोड्याच्या पिशव्या. दोन्ही पदार्थ पांढरे. काल पिंपातलं पाणी तपासलं तर ॲसिडच्या जागी जळजळीत कॉस्टिक निघालं.

"पण काकू, ऑक्झॅलिक साखरेसारखं दिसतं आणि कॉस्टिकचे पापुद्रे असतात. इतका फरक मला कळणार नाही? अन् तरी... सगळे इतके पक्कं सांगतायत ना, की अब मुझे ही डाउट होने लगा है. सदाशिवभाऊंचा हात डोळ्यांपुढून जात नाही."

"पिंप भरलंस आणि मग?"

"सीधा स्टेशन. नागपूरला मावशीकडे नवमीचं जेवण होतं. पूजेलासुद्धा थांबलो नाही. काल पहाटेच्या गाडीनं परत आलो."

"पूजा कसली?"

"खंडेनवमीची. आमच्याकडे मॅडमनीच सुरू केलीय. सगळी अवजारं मांडायची, मशीनना हळद-कुंकू लावायचं. एकदा मांडलं की दसरा होईपर्यंत कुणी हात लावायचा नाही."

सुनंदानं मान डोलावली. आमच्याकडेही माझा स्क्रूड्रायव्हर नवमीला पाटावर जातो. त्या दिवशी बल्ब गेला तर आम्ही अंधारात बसतो.

३

डॉ. मंजूषा पिंपळापुरे दारातच सामोऱ्या आल्या. कडक इस्त्रीची साडी, गोड आवाज आणि डोळ्यांखाली काळी वर्तुळं.

"या सुनंदाताई. तुम्ही आलात, बरं झालं. मला काय आनंद आहे का त्या मुलाचं वाईट करण्यात? पण सदाशिवचा हात बघितलात तर तुम्हीही हेच कराल."

इतकं गोड बोलणारी माणसं मला आधीपासून संशयास्पद वाटतात. पण सुनंदा म्हणते की मला कडू बोलणारीही तशीच वाटतात.

मॅडमनी आम्हाला मागे नेलं. पर्समधून सुटी किल्ली काढून स्टोअर उघडलं, पिशव्या दाखवल्या. "इथेच चुकला तो. घाई झाली, गाडी पकडायची होती."

"पूजा झाल्यावर तुम्ही शेडमध्ये आला होतात?"

"छे, प्रसाद घेतला, ऑफिस आवरलं आणि घरी. त्यानंतर आले ती पाहुण्यांबरोबरच."

निळं पिंप शेडच्या मध्यभागी होतं. सुनंदा त्याच्याभोवती फिरली आणि एका जागी उकिडवी बसली. गुडघे दुखतात म्हणून तिला भाजी निवडायलाही खुर्ची लागते, इथे मात्र फरशीवर! मीही वाकून पाहिलं. पिंपावर धुळीचा थर होता, पण त्या बाजूला कुणीतरी फडकं फिरवलं होतं. मधोमध शेजारी शेजारी दोन लाल टिकल्या होत्या. त्यांना मात्र फडकं लागलं नव्हतं. त्यांना वळसा घालून पुसलं होतं.

मग सुनंदा बाकीची मशीनं पाहत हिंडली. दळणाचं यंत्र, वजनकाटा, पंप, सगळ्यांवर हळद-कुंकवाची बोटं तशीच होती.

"काय दिसलं?" मी हळूच विचारलं.

"तुम्हाला जे दिसलं तेच," ती म्हणाली. असं ती म्हणते तेव्हा मला अपमान झाल्यासारखं वाटतं.

४

सत्यजित पळसुले म्हणजे मॅडमचा प्रतिस्पर्धी. एकाच छताखाली त्याची वेगळी पद्धत, चिप्स बुरशीच्या रसात मुरवण्याची. कालचं प्रात्यक्षिक यशस्वी झालं असतं तर कारखान्यानं मॅडमची पद्धत घेतली असती आणि ह्याला गाशा गुंडाळावा लागला असता. मी मनातल्या मनात त्याच्या हातात बेड्या घातल्या.

"मला आनंद झालाय असं तुम्हाला वाटतंय," तो आल्या आल्या म्हणाला. "थोडा झाला. सदाशिवचा हात सोडून. मोठ्या पिंपात मॅडमची जादू चालते का, ते मलाही बघायचंच होतं. छोट्या भांड्यात सगळंच चालतं हो."

"पूजेनंतर तुम्ही कुठे होता?"

"माझ्या खोलीत, काम करत. सगळे गेल्यावर निघालो. बादल्यांपुढे हात जोडणं मला जमत नाही. पंपावरचं फूल काढून पाणी भरलं तर सोनाली दोन दिवस बोलली नसती, म्हणून तिच्या समोर नाही काढलं. ती गेल्यावर काढलं."

"आणि कॉस्टिक? तुम्हाला लागतं?"

"लागतं की. पण ते स्टोअरमध्ये कुलपात. दर वेळी सदाशिवच्या पाया पडावं लागतं. किल्ल्या त्याच्याकडे, आणि त्या दिवशी तर त्याही पाटावर, देव होऊन बसलेल्या."

तो हसला. बाहेर आल्यावर मी म्हटलं, "हाच. पक्का हाच. फूलसुद्धा काढलं म्हणाला."

"म्हणाला ना स्वतःहून," सुनंदा म्हणाली आणि पुढे चालू लागली.

५

सोनाली आशयच्याच वयाची, त्याच्याबरोबरच लागलेली. दोघांतल्या एकालाच कायम करणार होते. म्हणजे हेतू हिलाही होता. पूजेची सगळी तयारी तिची, आणि विसरलेलं ताम्हण न्यायला पूजेनंतर ती शेडमध्ये एकटी परतही आली होती. माझ्या बेड्या सत्यजितच्या हातातून निघाल्या.

तिनं कागदी पेल्यांतून चहा आणला. "सॉरी काकू, टपरीचा आहे. आमचं पातेलं खराब झालंय. कुणीतरी गॅसवर विसरलं वाटतं."

"बघू?"

मला वाटलं, आता ही बाई पातेलीही तपासणार. तिनं तपासलंच. ॲल्युमिनियमचं पातेलं होतं, बाहेरून चकचकीत. आतून मात्र काळंकरडं पडलेलं, तळाला खड्डेच खड्डे. सुनंदानं ते उजेडात धरलं आणि ओट्यावर ठेवलं.

"पिंपाला हळद-कुंकू कुणी लावलं?"

"मीच. पिंपाला, पंपाला, सगळ्याला. आधी हळद, मग कुंकू. सगळ्या बादल्या, पाण्याचे मग, झारे पाटावर मांडले, किल्ल्यांचा जुडगा मध्ये. थांबा, फोटो आहे." तिनं फोन पुढे केला. किल्ल्यांच्या कडीत झेंडूचं फूल खोचलेलं होतं, वर अक्षता. "आणि हा काल सकाळचा, उचलायच्या आधी. दर वर्षी घरी आईला पाठवते."

दुसऱ्या फोटोत फूल सुकलेलं, पण तिथेच. अक्षतांचा दाणाही हललेला नव्हता.

"काल झाकण काढलं तेव्हा तू तिथे होतीस?"

"हो ना." तिचे डोळे भरले. "सदाशिवकाका नेहमीच नुसता हात घालतात. पातळ ॲसिड आहे, गुदगुल्या होतात म्हणतात. मॅडम कधी रागावत नाहीत. काल मात्र त्यांनाच आधी जाणवलं बघा. झाकण निघालं मात्र, त्या ओरडल्या, 'सदाशिव, हात नको!' पण तोवर त्यांनी घातला होता."

सुनंदानं चहाचा पेला खाली ठेवला. त्यात निम्मा चहा तसाच होता, आणि ती चहा टाकणाऱ्यातली नव्हे.

"अहो," ती मला म्हणाली, "कोपऱ्यावरून एक लिंबू घेऊन या."

६

लिंबू घेऊन परतलो तोवर तिनं सगळ्यांना पिंपापाशी जमवलं होतं. मॅडम घड्याळ बघत होत्या. आशय भिंतीला टेकून उभा होता, शिक्षा ऐकायला उभं राहावं तसा.

"सोनालीनं ह्या पिंपाला एक बोट हळदीचं लावलं आणि एक कुंकवाचं," सुनंदा म्हणाली. "बाकी सगळ्या यंत्रांवर तसंच आहे. मग इथे दोन्ही लाल कसे?"

सोनाली पुढे आली, वाकली आणि तिनं तोंडावर हात ठेवला.

"पांढऱ्या कपड्यावर हळद सांडली आणि साबण लावला की डाग लाल होतो, हे घरात धुणं धुणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. साबणात जो क्षार थोडा असतो, तो कॉस्टिकमध्ये पुष्कळ."

"एक मिनिट," सत्यजित म्हणाला. "कुंकूसुद्धा हळदीचंच करतात, चुना घालून. दोन्ही बोटं कुंकवाचीच असतील. लावताना चुकली असेल."

"म्हणून तर लिंबू." सुनंदानं फोड पिळली. डावीकडची टिकली लालच राहिली. बाजारचं रंगाचं कुंकू ते. उजवीकडची मात्र आमच्या डोळ्यांदेखत पिवळी झाली. चक्क हळद.

तीस वर्षांचा संसार असूनही माझ्या अंगावर काटा आला.

"म्हणजे हळद लावल्यानंतर ह्या पिंपावर कॉस्टिक सांडलं. आशयनं पिंप भरलं ते पूजेच्या आधी, आणि पूजेच्या वेळी तो गाडीत होता. त्यानं ॲसिडच घातलं होतं. नंतर कुणीतरी त्यात कॉस्टिक ओतलं, इतकं की ॲसिड संपून वर उरलं. ओतताना शिंतोडे उडाले, ते पुसले. आशय, तुझं काहीही चुकलेलं नाही."

आशय भिंतीवरून घसरत खाली बसला. गुडघ्यांत डोकं घालून तो रडायला लागला आणि खरं सांगतो, माझाही चष्मा धुरकटला.

"मग कोण?" मॅडमनी विचारलं. आवाज अजूनही गोडच होता.

"कॉस्टिक कुलपात. ते न्यायला भांडं हवं. इथे बादल्या भरपूर आहेत, पण सगळ्या पूजेत मांडलेल्या. पळसुल्यांनी पूजेतली बादली खुशाल उचलली असती, पंपावरचं फूल उचललं तशी. ज्यानं हे केलं त्याला पूजेतल्या वस्तूला हात लाववेना. म्हणून तो गेला चहाच्या पातेल्याकडे. पातेलं धुऊन ठेवलेलं, ओलं. ओल्या ॲल्युमिनियमला कॉस्टिक खातं. गॅसवर जळलं असतं तर बाहेरून काळं झालं असतं, ते आतून कुरतडलंय."

"पूजा मानणारी तर मीही आहे," सोनाली घाबरून म्हणाली. "आणि मी परतही आले होते."

"हो. पण स्टोअर कशानं उघडलं असतंस? जुडग्यावरची अक्षतसुद्धा हललेली नाही. तुझेच फोटो सांगतात. म्हणजे कुलूप दुसऱ्या किल्लीनं उघडलं." सुनंदा वळली. "मघाशी आमच्यासमोर स्टोअर उघडलंत, मंजूषाताई, ती किल्ली तुमच्या पर्समध्ये होती. आणि झाकण निघाल्याबरोबर तुम्ही 'हात नको' म्हणालात. एरवी कधी म्हणत नाही. आत काय आहे, ते तेव्हा फक्त एकाच माणसाला माहीत असणार."

मॅडमनी पर्स छातीशी धरली. मला वाटलं, आता वकिलाला फोन करतील. त्यांनी मात्र जवळचं स्टूल ओढलं आणि त्यावर बसल्या.

"तालीम फसली होती," त्या म्हणाल्या. "मोठ्या पिंपात ॲसिड चिप्सच्या आतपर्यंत जातच नव्हतं. वीज आधीइतकीच लागत होती. पण मी कारखान्याला शब्द देऊन बसले होते. पाहुण्यांसमोर मीटर चढला असता तर सगळं संपलं असतं. वाटलं, एक पिंप बिघडलं म्हणू, दोन-तीन महिने मिळतील, तोवर जमवेन. सदाशिवला... देवाशप्पथ, मी स्वतः झाऱ्यानं काढणार होते."

"आणि आशयला?"

मॅडमनी आशयकडे न बघता पर्सची चेन लावली.

"हळद लाल झालेली तुम्ही पाहिली असेल. रसायनशास्त्र शिकलेल्या तुम्ही."

"पाहिली." मॅडमच्या आवाजातला गोडवा संपला होता. "फडकं हातात होतं. पण नवमीची हळद... वडिलांनी असं वाढवलंय आम्हाला. पुसायला हात झाला नाही."

सुनंदा चिडते तेव्हा आवाज चढवत नाही, उलट खाली आणते.

"पिंपावरचं हळदीचं बोट पुसायला तुमचा हात झाला नाही, मंजूषाताई. आणि ह्या पोराचं आयुष्य पुसायला निघालात, तेव्हा झाला?"

मॅडमनी त्या पिवळ्या टिकलीकडे पाहिलं. मग उठल्या आणि आशयसमोर जाऊन उभ्या राहिल्या. "चल. ठाण्यात तुझं नाव सांगणार होते ना मी. आता तुझ्यासमोर माझं सांगते."

आशयनं डोळे पुसले. "मॅडम, मीटर चढत होता तर मला सांगायचं होतं. मिलके कुछ निकाल लेते."

त्यावर मात्र त्या हुंदका देऊन रडल्या. माझा त्यांच्यावरचा राग जाईना, आणि त्यांच्याकडे बघवेनाही.

७

ठाण्यातून सुटायला चार वाजले. आशय म्हणाला, "काका, दवाखान्यात सोडाल?"

सदाशिव खाटेवर बसला होता. उजवा हात कोपरापर्यंत पट्ट्यांत, डाव्यात सलाईन. आशय दारातच थबकला. गाडीभर 'मी नाही केलं' हे सांगायची तयारी करत आलेला मुलगा, आता दाराची चौकट धरून उभा.

"अरे आ ना," सदाशिव म्हणाला. "तिथे काय उभा ऱ्हायलास? मला माहीत होतं, तू नाही केलं. तू तर साखरसुद्धा चाखून टाकतोस चहात. इतका वहमी माणूस पिशवी चुकेल का?"

"मग सांगितलं का नाही कुणाला?" सुनंदानं विचारलं.

"सांगितलं ना ताई, त्या पोलिसवाल्याला. तो बोलला, दवाईच्या नशेत आहे." तो आशयकडे वळला. "दसऱ्याला तू नव्हतास. सोनं नाही दिलंस मला."

आशयनं खिशात हात घातला. नागपूरहून आणलेलं आपट्याचं पान होतं, पार वाळून चुरगळलेलं. सदाशिवला हातात घेता येईना, म्हणून आशयनं ते त्याच्या सदऱ्याच्या खिशात ठेवलं आणि वाकून पाया पडला.

परत येताना मी गाडी टी. टी. नगरवरून घेतली. चांगला चहा मिळतो तिथे. सुनंदाचा निम्मा पेला राहिलाच होता.